लंगडोबाची चाल

फर्निचरचं ते शोरूम बंद पडून वर्ष झालं होतं. काचेच्या दारावर 'सोफ्यांवर खास सवलत' ही पाटी अजून तशीच होती, पण आत सोफा एकही नव्हता. होती ती माणसं. तीनशे तरी असतील. जमिनीवर मांडीला मांडी लावून बसली होती, मागची भिंतीला पाठ टेकून उभी होती, आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळलेल्या होत्या.

समोर लाकडी मंचावर एक लांबट बाक होता. बाकावर एक माणूस उताणा झोपलेला. त्याच्या पावलांपासून छातीपर्यंत जांभळ्या मखमलीची पट्टी पसरलेली, दोन्ही टोकांना सारखी सोनेरी झालर. आणि त्या मखमलीवर, मांड्यांच्या जरा वर, एक दुधी रंगाचं जनावर हळूहळू चालत होतं.

जनावर म्हणजे काय, ते सांगणं अवघड आहे. वीतभर लांब, मऊ, उकडलेल्या अंड्यासारखं चकचकीत. सहा पाय. डोळे नाहीत, तोंड नाही. एकेक पाय फुगायचा, पोटाला बाक यायचा, मग दुसरा पाय फुगायचा, आणि ते बोटभर पुढे सरकायचं. डावीकडचा मधला पाय मात्र फुगत नव्हता. तो नुसता लोंबत होता, आणि जनावर त्याच्यावर टेकून, अंग झोकून, पुढचं पाऊल टाकत होतं. एकदा बघितलं की नजर काढवू नये अशी ती चाल होती. खोटं कशाला बोलू, मलाही काढवेना.

"बघा!" मंचावरच्या उंच आसनावरून फुंकरबाबा माइकमध्ये गरजले. "याला आई नाही! बाप नाही! मग याला चालायला शिकवलं कोणी? कोणीही नाही! मी फक्त एक फुंकर घातली. रबरात प्राण गेला! ऊर्जेचं व्हायब्रेशन झालं! मोठमोठे शास्त्रज्ञ आले, डोकं धरून बसले. म्हणाले, बाबा, हे आमच्या पुस्तकात नाही. मी म्हटलं, बाळांनो, मग पुस्तक बदला!"

टाळ्या. मंचाच्या दोन्ही बाजूंना बसलेले आठ शिष्य डोळे मिटून माइकसमोर एकसुरात "हूंऽऽऽ" करत होते. सतत. श्वास कधी घेतात कोण जाणे. जनावराच्या शेपटीपासून एक पांढरी रेशमी फीत निघून बाबांच्या आसनाखाली गेली होती. ती म्हणे त्याची नाळ. तिला हात लावला तर लावणाऱ्याचा प्राण जातो, असं दर दहा मिनिटांनी बजावलं जात होतं.

जनावर छातीपर्यंत पोचलं. बाबांनी हात वर केले. "स्वीकारलं! रोग स्वीकारला!"

आणि तेवढ्यात बाकावरच्या माणसाचे ओठ हलले. घशातून आवाज आला, जड, घासत घासत, पण स्पष्ट.

"बे... रिं... ग."

क्षणभर शिष्यांचं हूं सुद्धा अडखळलं. मग मंचाजवळ बसलेल्या एका बाईने हंबरडा फोडला. "बोलले! अहो, हे बोलले! अडीच महिन्यांनी बोलले!"

ती बाई माझी मामी. बाकावरचा माणूस माझा मामा.

आता मागचं सांगते. मामा शिलाई मशिनं दुरुस्त करतो. बत्तीस वर्षं एकाच छोट्या दुकानात, एकाच स्टुलावर. मशिन दारातून आत येतानाच, नुसतं चाक फिरवल्याच्या आवाजावरून, काय बिघडलंय ते सांगायचा. शेजारच्या स्टुलावर मामी बसायची, सुट्या भागांचे डबे सांभाळत. त्या दिवसाच्या अडीच महिने आधी, सकाळी दाढी करता करता त्याच्या हातातून वस्तरा गळाला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेलं. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. तोंड उघडायचा, प्रयत्न करायचा, आणि मग डोळ्यांत पाणी यायचं.

मी फिजिओथेरपिस्ट. मामाचे व्यायाम मीच घेत होते. आठ आठवड्यांनी त्याला आधाराने उभं राहता येऊ लागलं होतं, पाऊल जमिनीवरून पेरभर उचलू लागलं होतं. मला ते पेरभर म्हणजे केवढं वाटत होतं! मामीला नाही. तिला वाटायचं, ही पोरगी रोज येते, नवऱ्याला घाम फोडते, आणि एवढं करून पेरभर?

मग तिला कोणीतरी फुंकरबाबांचं सांगितलं. मला न विचारता ती मामाला दोनदा घेऊन गेली. तिसऱ्यांदा मला कळलं, म्हणून त्या रविवारी मीही हजर होते, भांडायच्या तयारीने. आणि माझ्याच डोळ्यांदेखत मामा बोलला. मी काय भांडणार, कपाळ!

बाबा मात्र गोंधळणाऱ्यातले नव्हते. त्यांनी डोळे मिटले, दोन बोटं कपाळाला लावली, आणि जाहीर केलं, "बीज! रिंग! बीज म्हणजे मूळ, रिंग म्हणजे वर्तुळ. विश्वाचं वर्तुळ मुळाशी जोडणारा हा महामंत्र! हजार वर्षं लपलेला! या पुण्यात्म्याच्या मुखातून तो आज बाहेर आला. म्हणा, बेरिंऽग!"

"बेरिंऽग!" तीनशे गळ्यांनी म्हटलं.

"बेरिंऽग, बेरिंऽग!"

मामाने डोळे गच्च मिटून घेतले. मामीला वाटलं, समाधी लागली. मला वाटलं, वैतागलाय.

आम्ही निघताना बाबांनी आज्ञा दिली: आता तीस दिवस उजवा पाय हलवायचा नाही. प्राण आत मुरतोय. विरजण लावलेलं भांडं कोणी हलवतं का?

"मामी, पाय हलवला नाही तर घोटा आखडेल," मी रस्त्यातच सांगितलं. "पोटरी लाकडासारखी होईल. आठ आठवड्यांची मेहनत मातीत जाईल."

"तुझ्या आठ आठवड्यांत एक शब्द तरी निघाला का त्यांच्या तोंडून?" मामी म्हणाली. "तिकडे दहा मिनिटांत निघाला."

दुसऱ्या दिवसापासून मामीने दार उघडणं बंद केलं. म्हणजे दार उघडायची, चहा द्यायची, पण आतल्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून स्वतः बसायची. मामा आत पलंगावर, पायाभोवती पांढरं फडकं गुंडाळलेलं. मला बघून डाव्या हाताने काहीतरी खुणा करायचा. मामी म्हणायची, "आशीर्वाद देतायत."

फुंकरबाबांचा दुसरा परिणाम आमच्या गल्लीच्या तोंडाशी बघायला मिळत होता. तिथे एका पाववाल्याची भट्टी आहे. माणूस सरळ, तोंडाने जरा फटकळ. पाठ धरली म्हणून तोही बाबांकडे गेला होता. त्याच्या अंगावर सोडलं तेव्हा जनावर छातीकडे गेलंच नाही. अंग न वळवता, किळस आल्यासारखं मागे मागे सरकत पावलांकडे निघून गेलं. बाबा म्हणाले, "याच्या हातून पाप घडलंय. प्राण याला टाळतो." पाववाला चार वेळा गेला, चारही वेळा तेच. त्यानंतर गल्लीतल्या बायका पलीकडच्या चौकातून पाव आणू लागल्या. सकाळी सकाळी त्याच्या फळीवर पावांचे ढीग तसेच पडलेले असायचे, आणि तो गिऱ्हाइकाची वाट बघत कोरड्या फडक्याने स्वच्छ फळी पुसत बसायचा.

"काय पाप केलं हो तुम्ही?" एकदा मी गमतीने विचारलं.

"तेच आठवतोय," तो म्हणाला. गमतीने नाही. "लहानपणी भावाचा पतंग फाडला होता. आणखी काही सापडत नाही."

कोंडी फुटली ती माझ्या धाकट्या बहिणीमुळे. धाकटी कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते. तिचं काम घरात कोणालाच नीट कळलेलं नाही. आई सांगते, "रबराची खेळणी करते, पण पगार चांगला आहे." महिनाभर ती बाहेरगावी होती. परत आल्यावर मामाला बघायला गेली, आणि मामीने कौतुकाने मोबाइलवर त्या रविवारचा व्हिडिओ दाखवला. धाकटी तशीच उठली, चपला घालून थेट माझ्या दवाखान्यात आली.

"ताई, हा लंगडोबा आहे."

"कोण?"

"मामाच्या छातीवर जो चढतोय तो. आमचा लंगडोबा! पाच महिन्यांपूर्वी प्रदर्शन झालं, त्यानंतर तो आणि त्याची पंपाची पेटी, दोन्ही गायब. मी कॉलेजात तक्रारही लिहून दिलीय."

"रबरी खेळणी सगळी सारखीच दिसत असतील, बाई."

"दिसत असतील. चालत नाहीत." तिने व्हिडिओ पुन्हा लावला. "हा डावा मधला पाय बघ. त्याला चीर गेलीय, हवा धरत नाही. आता मला सांग, तुला असा प्राणी चालवायचा असता तर तू काय केलं असतंस?"

"फाटका पाय बदलला असता."

"माणूस तेच करेल. किंवा तो पाय सोडून बाकीचे हलवेल. हा बघ, फाटक्या पायाचीच काठी करतो आणि तिच्यावर भार देऊन उडी घेतो. ही युक्ती कोणा माणसाने काढलेली नाही. म्हणून ती दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाही."

"मग कोणी काढली?"

धाकटी माझ्या व्यायामाच्या गादीवर फतकल मारून बसली. हा तिच्या आवडीचा विषय. "लोखंडी यंत्रमानवाला सांगता येतं, गुडघा इतका वाकव, पाऊल इथे टाक. याला गुडघाच नाही. सगळं अंग मऊ. एक पाय फुगवला की सगळं शरीर वेडंवाकडं होतं. हिशेब करत बसलो तर म्हातारे होऊ. म्हणून आम्ही हिशेब सोडला. कोणता पाय कधी फुगवायचा याचे दोनशे क्रम संगणकाला आंधळेपणाने बनवायला लावले. ते आधी संगणकातल्याच खोट्या शरीरावर चालवले. बहुतेक नुसते थरथरले, कणकेच्या गोळ्यासारखे पडून राहिले. चार-पाच मात्र केसभर सरकले. ते ठेवले, बाकीचे फेकले. त्या चार-पाचांची सरमिसळ केली, इकडे तिकडे थोडे बदल केले, पुन्हा दोनशे. पुन्हा तेच. शेकडो पिढ्या."

"आणि लबाडी कोणी केली नाही?"

"केली ना! आम्ही म्हटलं, जो लांब पोचेल तो जिंकला. तर एक पठ्ठ्या चालायच्या ऐवजी ताठ उभा राहिला आणि धाडकन पुढे पडला. पडला तेवढा लांब पोचला! आम्ही दोन दिवस हसत होतो. शेवटी खऱ्या रबरी शरीरावर प्रयोग केले, तेव्हा हा पाय फाटला. आम्ही बदलला नाही. म्हटलं बघू, फाटक्या पायानिशी काय मार्ग काढतो. आणि त्याने काढला."

बाबा म्हणत होते, याला कोणी शिकवलं नाही. म्हणजे तेवढं एक वाक्य त्या माणसाच्या तोंडून खरं निघालं होतं!

"पण मग तो पाववाल्याकडून मागे का जातो?"

धाकटी हसायला लागली. "मखमल, ताई! गुळगुळीत टेबलावर हा घसरायचा, म्हणून आम्ही त्याला लव असलेल्या कापडावर वाढवला. लव ज्या दिशेला झुकलेली त्या दिशेला याचे पाय सरकतात, उलट्या दिशेला अडकतात. हीच त्याची चाल. कापड उलटं फिरवलं की हाही उलटा जातो. प्रदर्शनात शाळेच्या मुलांना आम्ही हेच दाखवत होतो. आणि आमचा स्टॉल कोणी उभारला होता, माहितेय? पडदे, मंच, माइक, मखमल, सगळं पुरवणारा एक कंत्राटदार होता. दिवसभर आमच्या मागे उभा राहून बघायचा. बोलायला भारी गोड."

तिने व्हिडिओतल्या बाबांचा चेहरा बोटांनी मोठा केला. "दाढी वाढवलीय मेल्याने."

तेवढ्यात मला काहीतरी जाणवलं. मी मोबाइल कानाला लावला. शिष्यांचं हूं, हूं, हूं. आणि त्याच्याखाली, अगदी बारीक, खर्र... खर्र... खर्र. मामाचं डोकं ज्या बाकावर होतं तो बाक बाबांच्या आसनाला लागून होता. कान आसनापासून हातभर.

आम्ही दोघी तशाच मामाकडे गेलो. मामीला बाजूला सारून मी आत शिरले. "मामा, त्या दिवशी तू 'बेअरिंग' म्हणालास ना? मशिनमधलं बेअरिंग?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मग त्याचं तोंड एका बाजूने वाकडं झालं आणि खांदे हलायला लागले. मला कळेना, हसतोय की रडतोय. दोन्ही करत होता. डाव्या मुठीने पलंग बडवत तो मान हलवत राहिला. हो, हो, हो. तीनशे माणसांनी त्याच्या तक्रारीचा मंत्र केला होता, आणि अठरा दिवस बिचाऱ्याला ते सांगता येत नव्हतं.

"काहीतरीच!" मामी दारातून म्हणाली. "मरणाच्या दारातून परत आलेला माणूस बेअरिंगचं नाव घेईल?"

"मामी, तुझा नवरा घेईल," धाकटी म्हणाली. "येत्या रविवारी आम्हाला मंचावर घेऊन चल. आम्ही चुकलो तर सगळ्यांसमोर माफी मागू. बरोबर असलो तर मामाचा पाय सोडायचा."

मामीने मामाच्या पायावरचं फडकं नीट केलं. मग म्हणाली, "माइकमध्ये माफी मागायची. पुटपुटायचं नाही."

रविवारी मंत्रदात्याच्या कुटुंबाला मंचावर पहिली जागा होती. मामा चाकाच्या खुर्चीत, मांडीवर काठी. एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला आम्ही दोघी. खाली "बेरिंऽग, बेरिंऽग" चालू होतं. काहींनी तो शब्द पाटीवर रंगवून आणला होता.

बाबा रंगात आले होते. "विज्ञान थकलं तिथे फुंकर सुरू होते! कोणाला शंका? कोणाला पारखायचंय?"

"आम्हाला," धाकटी उभी राहिली. "बाबा, आमच्या गल्लीतल्या पाववाल्याला अजून एक संधी द्या."

बाबांना हे फारच आवडलं. पापी हाताशी असला की पुण्यवान जास्त उजळून दिसतात. पाववाल्याला आम्ही आधीच तयार करून आणलं होतं. तो बाकावर झोपला. एका शिष्याने मखमल अंथरली, जनावर ठेवलं. हूंऽऽ सुरू झालं. लंगडोबा थरथरला, फाटक्या पायावर टेकला, आणि मागे मागे सरकत पावलांकडे निघाला.

"बघा! अजून मळ गेलेला नाही!"

"एक मिनिट," धाकटी म्हणाली. तिने लंगडोबाला अलगद उचललं, मखमल ओढून काढली, या टोकाचं त्या टोकाला केलं, पुन्हा अंथरली, आणि त्याला होता तसाच, शेपूट पावलांकडे करून ठेवलं.

"हात लावू नका! मखमल मंत्रलेली आहे!" बाबा ओरडले. दोन शिष्य उठले. मामी ताडकन उभी राहिली. "मंत्रदात्याची भाची आहे ती. लावा बघू तिला हात." शिष्य तिथेच थबकले. बाबांवर तिचा विश्वास अजून होता, पण भाचीच्या अंगावर कोणी धावून आलेलं तिला चालणार नव्हतं.

आणि लंगडोबा निघाला. टेकत, झुलत, थेट पाववाल्याच्या छातीवर.

सभेत एकच गलका झाला. "शुद्ध झाला! पाववाला शुद्ध झाला!" एका बाईने तर हात जोडले. मी कपाळावर हात मारून घेतला. ही माणसं कशातूनही चमत्कार काढतील!

धाकटीने शांतपणे पुन्हा मखमल फिरवली. लंगडोबा मागे गेला.

"अशुद्ध..." कोणीतरी चाचरत म्हणालं.

पुन्हा फिरवली. पुढे.

"शुद्ध?"

पुन्हा. मागे. मागच्या रांगेतून कोणीतरी फस्सकन हसलं. पाववाला झोपल्या झोपल्या मान उचलून म्हणाला, "अरे, ठरवा एकदाचं. मी भट्टी उघडू की नको?"

मग जे हसू फुटलं ते थांबेना. शिष्यांतलेही दोघे हसायला लागले.

"आता जरा बाबांची शुद्धता बघू," धाकटी म्हणाली आणि कोणाला काही कळायच्या आत तिने मखमल बाबांच्या मांडीवरून पायांपर्यंत पसरली, लव पायांकडे करून. लंगडोबा वर ठेवला. तो बिचारा इमानदार. शेपूट पायांकडे करून मागे मागे सरकत थेट त्यांच्या पायांच्या अंगठ्यांपर्यंत गेला आणि तिथून खाली टपकला.

हसता हसता सगळे शिष्य गप्प झाले होते. हूं बंद पडलं होतं. आणि त्या शोरूममध्ये पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आलं: खर्र... खर्र... खर्र.

मामाने काठी उचलली. बाबांच्या आसनाखाली रोखली. त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या.

"बे... अ... रिंग." त्याने श्वास घेतला. "गे... लं... य."

मामीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. बत्तीस वर्षं तिने हे दोन शब्द याच आवाजात, याच कपाळावरच्या आठीसकट ऐकले होते. तिने मान तिरकी केली. ऐकलं. तिलाही तो आवाज ओळखता येत होता, डबे काय नुसते सांभाळले नव्हते तिने. ती चालत गेली, वाकली, आणि आसनावरचा पडदा एका झटक्यात ओढला.

आत एक करडी पेटी होती. पांढऱ्या फितीच्या आतून निघालेली बारीक नळी तिच्यात शिरत होती. पेटीवर प्रयोगशाळेचा शिक्का आणि धाकटीच्याच अक्षरातली चिठ्ठी: 'हात लावण्याआधी विचारा.'

"हे... ही आधुनिक युगाची..." बाबा उठले. "प्राण येतो कसाही, माध्यम कोणतंही..."

"माध्यमाला तेल तरी घालायचं," मामी म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "माझ्या नवऱ्याचा पाय एकवीस दिवस बांधून ठेवायला लावलास रे तू!"

बाबा मागच्या दाराकडे वळले, पण तिथे पाववाला उभा होता. कमरेवर हात ठेवून. नंतर पोलीस आले, तोवर तो तसाच उभा राहिला. पाठ दुखत असूनसुद्धा.

मधल्या वेळात धाकटीने माइक घेतला आणि दवाखान्यात मला सांगितलं होतं ते सगळं लोकांना सांगितलं. मखमलीची लव प्रत्येकाला बोटाने तपासायला दिली. लोक रांगेने आले, कापडावरून हात फिरवून गेले. एका म्हाताऱ्या आजोबांनी विचारलं, "मग पोरी, याला खरंच कोणी शिकवलं नाही?"

"नाही आजोबा. हजारो वेळा चुकला. चुकलेलं टाकलं, जमलेलं ठेवलं. बस."

"हे तर फुंकरीपेक्षा भारी आहे," आजोबा म्हणाले.

सगळेच असे म्हणाले नाहीत. एक बाई माझ्याजवळ आली, डोळे भरलेले. "पण मला खरंच बरं वाटलं होतं हो. माझे गुडघे तीन दिवस दुखले नाहीत." तिच्यावर हसणं मला शक्य नव्हतं. मी विचारलं, तिथे काय झालं होतं नेमकं? ती म्हणाली, बाबांनी अर्धा तास ऐकून घेतलं, हात हातात धरला. घरी कोणी विचारत नाही. त्या रात्री गाढ झोप लागली. ते ऐकून मला माझाच दवाखाना आठवला. तिथे मी पेशंटला घड्याळ लावून बघते. भोंदू माणूस ढोंगाच्या जोरावर घरात शिरत नाही. तो आपण रिकामी ठेवलेल्या खुर्चीत येऊन बसतो. त्या दिवसापासून मी प्रत्येकाला आधी बोलू देते, मग पाय उचलायला सांगते.

लंगडोबा प्रयोगशाळेत परत गेला. काही भक्त तिथेही पोचले. शेवटी धाकटीला काचेवर चिठ्ठी लावावी लागली: 'याच्या पाया पडू नये. पाय सहा आहेत, त्यातला एक फाटका आहे, तुमचा गोंधळ होईल.' भक्तांपैकी दोन मुली आता तिच्याकडे शिकायला येतात. गल्लीतल्या बायका दोन-तीन दिवस खाली मान घालून पाववाल्याच्या दुकानावरून गेल्या. मग मामी स्वतः जाऊन सगळ्यांसमोर पाव घेऊन आली, आणि मोठ्याने म्हणाली, "मागच्या महिन्यात मी तुम्हाला पापी म्हटलं. चुकलं माझं." पुटपुटली नाही.

मामाचं काय झालं, ते सांगायचं राहिलं. फडकं सोडलं तेव्हा घोटा आखडलेला होता. पेरभर उचलणारं पाऊल आता तसूभरही हलेना. पुन्हा पहिल्यापासून. रोज सकाळी मी पोटरी ताणायची, मामा ओरडायचा, मामी दुसऱ्या खोलीत जाऊन उभी राहायची. आधीचं पेरभर परत यायला सात आठवडे लागले. ते सात आठवडे कोणीही भरून देणार नाही. अंधश्रद्धेचं नुकसान असं असतं. बघायला गंमत वाटते, आणि भोगायला एकाच माणसाचा पाय असतो.

मी त्याला पुस्तकाप्रमाणे चालायला शिकवत होते: टाच आधी, मग चवडा, गुडघा सरळ. त्याला ते जमेना. एके दिवशी मी पाणी प्यायला गेले आणि परत येऊन बघते तर मामा दाराच्या चौकटीपासून खिडकीपर्यंत एकटा गेला होता. उजवा पाय बाहेरून गोल फिरवत, कंबर उचलत, कुठल्याही पुस्तकात नाही असा. किती वेळा पडला असेल देव जाणे. कोपर खरचटलं होतं.

"हे बरोबर नाही, मामा," मी सवयीने म्हणाले.

मामा खिडकीचा गज धरून धापा टाकत होता. आता त्याला चार-पाच शब्द येतात, त्यातला एक त्याने मला दिला.

"पोच... लो."

तेव्हा वाचकहो, माझं सांगणं एवढंच. तुमच्यापुढे कोणी अजब काही मांडलं तर जरूर बघा, डोळे भरून बघा. जगात अजब गोष्टी खूप आहेत, त्यांचं कौतुक करायला कोणाची बंदी नाही. पण ती वस्तू एकदा उलटी करून मागा, कापड फिरवून मागा, आवाज बंद करून ऐका. जे खरं असेल ते तुमच्या तपासण्याने रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्या आसनाखाली बघा. आणि घरातल्या आजारी माणसाला बरं करायचं असेल तर फुंकर शोधत फिरू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला बोलू द्या, डॉक्टरांनी सांगितलेलं नेमाने करा. आज नाही जमलं तर उद्या पुन्हा करा. जमलेलं ठेवा, चुकलेलं सोडा. माणूस असाच चालायला लागतो.